चौदा अंशांचा फरक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रेणापूरला शेती बघणाऱ्या थोरल्या भावाला नाही, ज्यांच्यासोबत वीस-बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला त्यांनाही नाही. एका व्यक्तीला सांगितलं — पण तिला ते आधीपासूनच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे त्यालाच सांगणं, हे सांगण्यात धरायचं का? मला वाटतं, नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एका परीनं बरंच आहे.

गोष्ट ऐकायला किरकोळ वाटेल. मोटारसायकलच्या इंजिनाला रंग दिला तर ते जास्त तापतं की कमी — एवढाच प्रश्न. त्यात पाप करायला जागा कुठाय, असं तुम्ही म्हणाल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मी नांदेडला एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या पोरांना शिकवतो. पण सुरुवात लातूरची आहे. माझा डिप्लोमा लातूरचा. खोलीच्या मागं डाळ मिल होती, आणि तिच्या आवाजाची इतकी सवय झालेली की ज्या दिवशी मिल बंद, त्या दिवशी अभ्यासात लक्ष लागायचं नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. चौघांचा गट — म्हणजे काम करणारा मी, बाकी तिघं सह्यांपुरते. विषय मीच निवडला. गाडीच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो, सिलिंडरच्या बाहेर ज्या पातळ पट्ट्या असतात त्यांच्यावरून वारा जातो आणि इंजिन थंड होतं. त्या पट्ट्यांना काळा रंग दिला तर? पुस्तकात लिहिलेलं होतं की काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो. म्हणजे काळं इंजिन थंड राहणार, हे मला मोजण्याआधीच माहीत होतं. मोजायचं ते आपलं नावापुरतं.

बिनरंगाच्या इंजिनाचं तापमान मी नीट मोजलं. हे खरं आहे. मग काळा रंग मारला. हेही खरं. आणि दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करायच्या आधीच प्लगखाली बसवलेली तापमान मोजायची तार मुळातून तुटली. नवी यायला चार-पाच दिवस लागणार होते. फाईल परवा द्यायची होती.

मग काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल.

रकाना रिकामा होता. मी बसून भरला. किती अंशांचा फरक लिहावा, यावर मी बराच विचार केला — तेवढाच काय तो विचार त्या प्रोजेक्टमध्ये केला म्हणा. दहा लिहिलं तर फार गोल वाटतं. वीस जास्त होतात. पंधरा म्हणजे ठरवून लिहिल्यासारखं. चौदा. चौदा हा आकडा मोजल्यासारखा दिसतो. काळा रंग दिलेलं इंजिन चौदा अंशांनी थंड. आणि हातासरशी आणखी एक रकाना वाढवला — पांढरा रंग दिलेलं इंजिन सहा अंशांनी गरम. पांढऱ्या रंगाचं झाकण मी उघडलंसुद्धा नव्हतं.

आमचे लातूरचे सर कडक होते, पण त्यांना ते फार आवडलं. पुढं कित्येक वर्षं ते माझी फाईल नव्या पोरांना दाखवायचे, की बघा, प्रोजेक्ट असा असतो. त्यांच्याच शब्दावर मला नांदेडला नोकरी लागली. इथं आल्यावर हाच प्रयोग मी लॅबच्या मॅन्युअलमध्ये घातला. दरवर्षी पोरं तो ‘करायची’. म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढायची. कुणी तेरा पूर्णांक आठ लिहायचं, कुणी चौदा पूर्णांक दोन. मी तपासायचो, सही करायचो. आपण एकदा मारलेली थाप दरवर्षी साठ जणांच्या हस्ताक्षरांत आपल्याकडं परत येते, आणि हळूहळू ती आपल्यालाच खरी वाटायला लागते. विश्वास ठेवा, लागते. मला तर शपथेवर सांगता आलं असतं की मी ते मोजलंय.

मग शाहीन आली.

मेकॅनिकलच्या त्या बॅचमध्ये एकटी मुलगी. तिचे वडील गफूरभाई, देगलूर नाक्याच्या बाजूला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. माझी गाडीही त्यांच्याकडंच असायची. शाहीन लहानपणापासून तिथं वाढलेली. लॅबमध्ये पोरं पाना कुठला लागेल ते शोधत असायची तेव्हा हिचा नट निघालेला असायचा. बोलायची कमी. विचारायची मात्र नेमकं.

शेवटच्या वर्षी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली की तिला इंजिनाच्या रंगावर प्रोजेक्ट करायचाय. मी म्हणालो, तो तर मॅन्युअलमध्ये आहेच. त्यावर ती म्हणाली, “सर, अब्बांचे उस्ताद सांगायचे, रंग मारला की इंजिन तापतं. अब्बा तेच मानतात. गिऱ्हाईक काळा रंग मागतंय तर नाही म्हणतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये उलटं हाय. मला बघायचंय.”

मला बघायचंय. किती साधं वाक्य आहे. मी त्या वयात ते कधी म्हणालो नव्हतो.

मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? मला वाटलं, करेल आणि उतरवून काढेल. लॅब पाचला बंद व्हायची आणि लॅबमधला वारा देणारा पंखा जळालेला होता, म्हणून मीच तिला सांगितलं — हे लक्षात ठेवा, मीच सांगितलं — की गॅरेजमध्ये कर. रोजच्या कागदांवर मार्गदर्शकाची सही लागते, ती मी नंतर एकदम करीन म्हणालो.

तिनं काय काय केलं ते मी आज तिच्यापेक्षा नीट सांगू शकेन, इतक्या वेळा ते कागद मी नंतर वाचलेत. एका जुन्या गाडीचं इंजिन स्टँडवर बसवलं. समोर ठरावीक अंतरावर पंखा. तेल तेच, वेग तोच, रोज दुपारी चारची वेळ. वीस मिनिटं चालवायचं, काटा स्थिर झाला की मग लिहायचं, आणि बाजूला त्या वेळची हवा किती गरम होती तेही लिहायचं. आधी बिनरंगाचं. मग काळ्या रंगाचा एक पातळ हात. मग तो थिनरनं आणि तारेच्या ब्रशनं पूर्ण काढून पांढऱ्याचा एक पातळ हात. मग ऑइल पेंटचे तीन जाड हात, गिऱ्हाइकं घरी मारून आणतात तसे. हे सगळं तीनदा. त्या पट्ट्यांच्या फटींतून रंग खरवडून काढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तिची बोटं त्या महिन्यात सालपटलेली असायची, वर्गात मी बघायचो.

एका दुपारी मी तिथं गेलो. गाडीचं काही काम नव्हतं, सहज गेलो. गफूरभाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. म्हणाले, “सर, पोरगी काय करून राहिली मला कळत न्हाई. पन लई मन लावून करून राहिली, बगा.” आणि हसले. त्यांना मीटरवरचे आकडे वाचता यायचे, पण कागदावर ती काय मांडते ते त्यांच्या पलीकडचं होतं. ते तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ना — मला मुलगी नाही, पण ती नजर मला समजली.

शाहीन म्हणाली, “सर, इकडं या, बघा.”

मी उठून मीटरपाशी गेलो. काळ्या रंगाचा हात होता. पंखा चालू होता. वीस मिनिटं झाली, काटा थांबला. तिनं मला आदल्या दिवशीचं बिनरंगाचं रीडिंग दाखवलं. फरक एका अंशाचा होता. फार तर दीड.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कप हातात होता, चहा गरम होता, उजेड चांगला होता. नीट पाहिलं.

पंधरा दिवसांनी ती सगळं घेऊन आली. इतकं आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं. “सर, काळा-पांढरा एकच निघाला! पंखा असला तर पातळ रंगानं काहीच फरक नाही. पंखा बंद केला तर रंगवलेलं थोडंसं थंड राहतं, पण मग काळा काय न् पांढरा काय, सारखंच. आणि जाड रंगानं फटी बुजल्या की मग तापतं. उस्तादांनी तेच बघितलं असणार, सर. जाड रंग!”

म्हणजे तिनं उस्तादांना खोटं ठरवलं नव्हतं. त्यांना काय दिसलं असेल ते शोधून काढलं होतं. काळा-पांढरा सारखा कसा, याचं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर वाचलं — डोळ्याला दिसणारा रंग वेगळा आणि उष्णता ज्या किरणांनी बाहेर पडते ते वेगळे, त्या किरणांना काळा रंग आणि पांढरा रंग जवळजवळ सारखेच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं गॅरेजमध्ये बसून पुस्तकापुढची गोष्ट मोजून काढली होती. मास्तरनं अशा वेळी काय करायचं असतं? उठून उभं राहायचं असतं.

मी म्हणालो, “पुन्हा कर.”

तिनं पुन्हा केलं. तेच आलं.

तेवढ्यात त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून कोण येणार ते कळलं. माझे लातूरचे सर. ज्यांनी माझी फाईल वर्षानुवर्षं पोरांना दाखवली ते. निवृत्तीला आलेले. माझ्या डोक्यात त्या दिवसापासून दुसरं काही राहिलं नाही. ते तिची फाईल उघडणार. चौदाच्या जागी एक बघणार. मग माझ्याकडं बघणार. मी काय सांगू शकलो असतो? हजार गोष्टी सांगू शकलो असतो, आज सुचतात. माझं इंजिन वेगळं होतं. माझी तार बिघडलेली होती — जे खरंही होतं! पण भ्यालेल्या माणसाला साधी वाट दिसत नाही. की दिसते आणि नको असते? मला अजून ठरवता आलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सरांनी तिची फाईल शांतपणे वाचली. पानं मागं-पुढं केली. मग मला म्हणाले, “अरे, तुझा फरक तर चौदाचा होता.”

शाहीन समोर उभी होती. माझ्या खुर्चीपासून चार फुटांवर.

मी म्हणालो, “सर, ही रीडिंग जुळवलेली आहेत.”

आवाज चढवला नाही. उलट खालच्या आवाजात, जरा वाईट वाटल्यासारखं म्हणालो. तीन-तीन वेळा इतकं सारखं कुठं येतं का, म्हणालो. रोजच्या कागदांवर सह्याही नाहीत, म्हणालो. त्या सह्या कुणी करायच्या राहिल्या होत्या, ते म्हणालो नाही.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती सरांशी नाही, माझ्याशी बोलली. “सर, तुम्ही आला होता. तुम्ही बघितलं.”

आणि मी म्हणालो — हे लिहिताना हात थांबतोय, पण हेच तर लिहायला बसलोय — मी म्हणालो, “मी चहा प्यायला आलो होतो.”

ती रडली नाही. फाईल उचलून बाहेर गेली. सरांनी मान हलवली, म्हणाले की आजकालच्या मुलांना कष्ट नकोत. मी हो म्हणालो.

प्रोजेक्ट नामंजूर झाला. पुढच्या सत्रात पुन्हा द्यायचा. म्हणजे त्या वर्षी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाला असता तो गेला. तिचे बाकीचे मार्क असे होते की तो नक्की मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी गफूरभाई कॉलेजात आले. गॅरेजच्या कपड्यांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. पांढराशुभ्र कुर्ता, डोक्यावर टोपी. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सर, पोरगी म्हनती तिनं मोजलं. मी बी बघितलं मोजताना. पन कागदावर काय लिवलं ते मला कळत न्हाई. तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं. तिनं आकडे बदलले का?”

इथं थांबा आणि बघा, मला किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. सगळी स्टाफरूम रिकामी होती. एक शब्द बोलायचा होता — नाही. त्यासाठी मला माझं काही कबूल करायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, “मुलं करतात असं, गफूरभाई. लवकर संपवायचं असतं. मनावर घेऊ नका.”

त्यांनी माझी माफी मागितली. माझी. म्हणाले, “माझ्याच तालमीत काई कमी राह्यलं असंल, सर.” आणि गेले.

पुढच्या सत्रात शाहीननं नवी फाईल दिली. अक्षर सुंदर, आलेख सुंदर. काळा रंग: चौदा अंशांनी थंड. पांढरा: सहा अंशांनी गरम. तिनं काही मोजलं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. टेबलावर फाईल ठेवून ती म्हणाली, “सर, आता बरोबर आलंय.” चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. मी सही केली. चांगले मार्क दिले. खोटं लिहायला मीच तिला शिकवलं आणि शिकल्याबद्दल पास केलं.

त्यानंतर ती पुढं शिकली नाही. तिनं अर्जच केला नाही म्हणे. गॅरेजमध्ये वडिलांच्या जोडीला लागली. एकेक करून अवघड कामं तिच्याकडं गेली. माझी गाडी तीच बघायची. मी गॅरेज बदललं नाही. का बदललं नाही? लोक म्हणतील हिंमत म्हणून. तसं नाही. बदललं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं, म्हणून.

आणि गफूरभाई बदलले. जे आधी रंगाला नाही म्हणायचे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागले — काळा रंग मारून घ्या, चौदा डिग्री थंड राहतं. मी समोर असलो तर माझ्याकडं हात करून म्हणायचे, “आमच्या सरांनी शोध लावलाय. किताबात हाय.” हिमायतनगरहून, कुठून कुठून पोरं जुन्या गाड्या घेऊन यायची इंजिन काळं करून घ्यायला. रंग शाहीन मारायची. पातळ, एकच हात, एकही फट बुजू न देता. त्यानं कुणाचं इंजिन बिघडलं नाही. बापाच्या तोंडचा तो आकडा ती वर्षानुवर्षं ऐकत राहिली, मान खाली घालून ब्रश फिरवत. एकदाही बोलली नाही.

मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि मॅन्युअलमधून तो प्रयोग गेला. कुणी काढला नाही, आपोआप गेला. माझ्या खोटेपणाचा आता कुठं पुरावाच उरला नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी एका सुट्टीच्या दिवशी मी लॅब उघडून घेतली, कपाटातून तिचे जुने कागद काढले — सहीसाठी दिलेले ते रोजचे कागद माझ्याकडंच राहिले होते, मी फाडले नव्हते, का ते विचारू नका — आणि तिनं जसं केलं होतं तसं एकेक करत गेलो. चार सुट्ट्या लागल्या. पट्ट्यांमधला रंग खरवडताना माझीही बोटं सोलली. आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रयोग केला. पंखा चालू असताना, बिनरंग आणि काळा: एक अंश. काळा आणि पांढरा: काही नाही.

मी मीटरसमोर उभा राहिलो आणि मला ती आठवली, “सर, काळा-पांढरा एकच निघाला!” म्हणणारी. तो आनंद किती खरा होता ते मला त्या दिवशी कळलं. मलाही तोच झाला होता, एक क्षणभर.

तरी मी कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, गफूरभाईंना सांगावं. मग वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला, जुनी गोष्ट झाली. त्यांच्या घरात सगळं ठीक चाललंय. असं प्रत्येक वेळी वाटायचं आणि मी गाडीला किक मारून घरी यायचो.

गेल्या हिवाळ्यात गफूरभाई आजारी पडले. फुप्फुसाचं काही होतं. दवाखान्यातून घरी आणल्याचं कळलं तसा मी भेटायला गेलो. जाताना ठरवलं होतं. या वेळी खरंच ठरवलं होतं. पलंगाशेजारी खुर्ची होती. शाहीन उशाशी उभी राहून त्यांच्या औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढत होती. खोलीत आम्ही तिघंच.

त्यांनी माझा हात धरला. दम लागत होता, पण बोलले. “सर, पोरगी लई गुनाची हाय. सगळं तिनंच संभाळलं. त्या एका टायमाला चुकली, तेवढंच. तुमी मोठ्या मनानं माफ केलं.”

तेवढंच.

शाहीनचा हात थांबला नाही. गोळी काढली, वाटीत ठेवली, पुढची काढली. माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला बोलायचं असतं तर तिनं बघायची गरज नव्हती.

मी म्हणालो, “आराम करा, गफूरभाई. जास्त बोलू नका.”

आठ दिवसांनी ते गेले.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती एका गाडीचं हेड उघडून बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लातूरची तुटलेली तार, रिकामा रकाना, चौदा कसा निवडला ते, न उघडलेला पांढरा डबा. मी मीटर बघितलं होतं हे सांगितलं. तिचे कागद माझ्याकडं आहेत आणि मी स्वतः मोजून बघितलं तेही सांगितलं. ती हातातला बोल्ट फडक्यानं पुसत ऐकत राहिली.

मग म्हणाली, “हे मला कशाला सांगता, सर? मी मोजलं होतं.”

एवढंच बोलली. चिडून नाही. खरंच विचारत होती. ती पुन्हा कामाला लागली, आणि थोड्या वेळानं मी निघालो.

तिला सांगून काही झालं नाही, होणारही नव्हतं. तिला तिचे आकडे माहीत होते. ज्या माणसाला ते माहीत नव्हते, ज्यानं मला दोनदा तोंडावर विचारलं — एकदा स्टाफरूमच्या दारात उभं राहून, एकदा पलंगावरून, न विचारता विचारलं — तो माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेला. आपल्या मुलीनं आयुष्यात एकदा लबाडी केली, असं मनात धरून गेला.

शाहीननं आकडे बदलले नव्हते. एकही नाही. हे तिच्या वडिलांना मी सांगितलं नाही.